परत गेलेल्यांची नोंद

माझ्या आत्याने तीस वर्षे लोकांकडे धुणीभांडी केली. तिच्या बोटांवरच्या रेषा इतक्या झिजल्या आहेत की रेशनच्या दुकानातले यंत्र तिचा अंगठा घेत नाही. गेल्या महिन्यात मी तिच्यासोबत गेलो होतो. तिने पदराने अंगठा पुसला, ओल्या फडक्यावर टेकवला, मग दुसऱ्या हाताची बोटे लावून पाहिली आणि पाचव्या खेपेला कुठे यंत्राने तिला ओळखले. धान्य तिच्या हक्काचे होते आणि चूक यंत्राची होती, तरी रांगेतल्या लोकांसमोर ओशाळली ती आत्या.

त्या दिवसापासून मला कृष्णवर्णीय संगणकशास्त्रज्ञ जॉय बुओलामविनी यांच्या कामाची वारंवार आठवण होते. अमेरिकेतील एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेत शिकत असताना संगणकाला त्यांचा चेहरा दिसेना, आणि पांढरा मुखवटा चढवताच मात्र तो दिसू लागला. हा अनुभव त्यांनी तक्रार म्हणून सोडून दिला नाही, तो मोजायला घेतला. २०१८ साली संशोधक टिमनिट गेब्रू यांच्यासोबत त्यांनी आफ्रिकेतील तीन आणि युरोपातील तीन देशांच्या संसद सदस्यांची १,२७० छायाचित्रे जमवली आणि चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे सांगणाऱ्या आयबीएम, मायक्रोसॉफ्ट व फेस प्लस प्लस या कंपन्यांच्या प्रणाली तपासल्या. तिन्ही प्रणालींची एकंदर अचूकता ८७ टक्क्यांच्या वर होती, म्हणजे नुसता हा आकडा पाहणाऱ्याला काळजीचे फारसे कारण दिसले नसते. पण वर्ण आणि लिंग यांनुसार आकडे वेगळे काढल्यावर असे दिसले की गोऱ्या पुरुषांबाबत चूक ०.८ टक्क्यांच्या पुढे गेली नाही, आणि सावळ्या व काळ्या स्त्रियांबाबत ती ३४.७ टक्क्यांपर्यंत पोहोचली. अशा प्रणाली ज्या छायाचित्रसंग्रहांवर तपासल्या जात, त्यांपैकी एकात जवळपास ८० आणि दुसऱ्यात ८६ टक्के चेहरे उजळ वर्णाचे होते, त्यामुळे ही चूक चाचणीतच दिसत नव्हती.

पुढच्याच वर्षी संशोधक डेबोरा राजी आणि बुओलामविनी यांनी पुन्हा तपासणी केली, तेव्हा या तिन्ही कंपन्यांच्या चुका बऱ्याच कमी झालेल्या आढळल्या. पहिल्या तपासणीत नसलेल्या ॲमेझॉनच्या प्रणालीची काळ्या स्त्रियांबाबतची चूक मात्र ३१ टक्क्यांच्या वर होती. बाहेरच्या माणसाने मोजून, नाव घेऊन सांगितले की सुधारणा होते, हे मला या संशोधनातले सर्वांत मोलाचे वाटते.

आपल्याकडेही असे काम झाले आहे. अर्थतज्ज्ञ कार्तिक मुरलीधरन, पॉल नीहाउस आणि संदीप सुखटणकर यांनी झारखंडमध्ये रेशनसाठी आधारचा अंगठा सक्तीचा केल्याचे परिणाम अभ्यासले. नुसत्या या सक्तीने धान्याची गळती, म्हणजे मधल्यामध्ये होणारी चोरी, कमी झाल्याचे त्यांना आढळले नाही, मात्र ज्या कुटुंबांचे आधार आधी जोडलेले नव्हते त्यांना मिळणारे धान्य घटले. अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ आणि रीतिका खेरा यांनीही याच प्रश्नावर वर्षानुवर्षे गावोगाव फिरून लिहिले आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या आधार निकालातील आपल्या भिन्नमतात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी ओळख न पटल्यामुळे हक्कापासून वंचित राहणाऱ्यांचा प्रश्न गांभीर्याने मांडला होता.

म्हणून माझी मागणी साधी आहे. रेशन, पेन्शन, कर्ज किंवा पोलीस तपास यांसाठी कोणतीही स्वयंचलित प्रणाली बसवण्यापूर्वी ती किती वेळा चुकते हे म्हातारी माणसे, कष्टाची कामे करणारे, स्त्रिया आणि अपंग व्यक्ती अशा प्रत्येक गटासाठी वेगळे मोजावे, ते मोजण्याची मुभा बाहेरच्या संशोधकांना द्यावी आणि आकडे लोकांच्या भाषेत जाहीर करावेत. सरासरी अचूकतेवर समाधान मानणे मला मान्य नाही, कारण आत्यासारख्या माणसांचा त्रास त्या सरासरीत विरघळून जातो. अंगठा लागला नाही तर दुसऱ्या मार्गाने धान्य द्यावे, असे नियम आहेत; पण ती सोय मागायची असते हेच रांगेतल्या कित्येकांना ठाऊक नसते, आणि ज्यांना ठाऊक असते त्यांनाही पाठीमागे लोक खोळंबलेले असताना ती मागण्याचा धीर होत नाही.

निघताना मी दुकानदाराला विचारले की महिन्याला किती जण अंगठा न लागल्यामुळे परत जातात. तो भला माणूस आहे. त्याने थोडा विचार केला आणि म्हणाला, “दादा, धान्य नेलेल्यांची नोंद यंत्रात असते. परत गेलेल्यांची मी कुठे लिहिणार?” येत्या महिन्यात धान्य वाटपाचे पहिले तीन दिवस मी वही घेऊन त्या दुकानासमोर बसणार आहे. आपल्या गावात कोणी हेच करणार असेल, तर मला जरूर कळवावे.