पदकं मोजून झाल्यावर

जून २०२३ मध्ये बर्लिनहून आपल्या खेळाडूंनी २०२ पदकं आणली, त्यांतली ७६ सुवर्ण. स्पर्धा होती स्पेशल ऑलिम्पिक्स, म्हणजे बौद्धिक अक्षमता असलेल्यांचे जागतिक खेळ. तेव्हा आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पेटलेला वाद अजूनही अधूनमधून उफाळतो. मामेभाऊ म्हणतो, एवढं क्रिकेटवाल्यांनी केलं असतं तर मिरवणुका निघाल्या असत्या. मामा म्हणतात, आठजण धावणार आणि तिघांना पदकं, त्यात काय मोठं? इथे अमेरिकेतल्या मेरीलँडमध्ये बसून मी दोघांचं वाचते आणि मला दोघांचंही पुरतं पटत नाही. माझ्या धाकट्या भावालाही बौद्धिक अक्षमता आहे. तो चौतीस वर्षांचा आहे, आईबरोबर तिकडेच राहतो, आणि शाळा सुटल्यापासून त्याने चेंडू हातात घेतलेला नाही. त्याच्याबद्दल या वादात कुणीच बोलत नाही.

मामांच्या शंकेला उत्तर आहे. या खेळांत वय आणि आधीच्या चाचणीतली कामगिरी पाहून तीन ते आठ जणांचे गट पाडतात. गटातल्या सर्वांत चांगल्या आणि सर्वांत कमी कामगिरीत साधारण १५ टक्क्यांहून जास्त फरक नसावा, असा प्रयत्न असतो. प्रत्येकजण आपल्या तोडीच्या माणसाशी झुंजतो, म्हणून शर्यत खरोखर चुरशीची होते. पण मग मामेभावाच्या २०२ चंही वजन उतरतं. गट जितके जास्त तितकी पदकं जास्त. जास्त खेळाडू पाठवले की आकडा फुगणारच. देशात किती जणांना खेळायला मिळतं, हे त्या आकड्यातून कळत नाही.

ही चळवळ जिथे रुजली ती जागा माझ्या घरापासून फार लांब नाही. जून १९६२ मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांच्या बहीण युनिस केनेडी श्रायव्हर यांनी रॉकव्हिलजवळच्या आपल्या घराचं आवार अशा मुलांच्या शिबिरासाठी उघडलं. बौद्धिक अक्षमता असलेली युनिस यांची थोरली बहीण रोझमेरी हिच्या मेंदूवर १९४१ मध्ये, ती २३ वर्षांची असताना, शस्त्रक्रिया झाली; त्यानंतर तिला धड चालता-बोलताही येईना आणि पुढचं आयुष्य संस्थांमध्ये गेलं. राष्ट्राध्यक्षांच्या घराण्यानेही ही गोष्ट वर्षानुवर्षं झाकून ठेवली होती. शिबिराच्याच वर्षी युनिस यांनी बहिणीबद्दल उघडपणे लिहिलं. त्याच सुमारास टोरांटोत फ्रँक हेडन या संशोधकाने दाखवून दिलं की या मुलांची शारीरिक क्षमता कमी असते ती मुख्यतः त्यांना खेळूच दिलं जात नाही म्हणून. व्यायाम मिळाला की ती वाढते. २० जुलै १९६८ ला शिकागोच्या सोल्जर फील्डवर पहिले खेळ झाले, सुमारे १,००० खेळाडूंचे.

हेडन यांचा निष्कर्ष वाचला तेव्हा मला आमचं घर आठवलं. ‘तो पडेल’, ‘त्याला नाही जमायचं’, हे आम्ही सगळ्यांनी म्हटलंय, मीही. त्याला चष्मा लागतो हे तो २९ वर्षांचा झाल्यावर कळलं. तोवर चेंडू का सुटतो याचं कारण आम्ही त्याच्या बुद्धीत शोधत होतो. या स्पर्धांच्या ठिकाणी १९९७ पासून खेळाडूंची आरोग्य तपासणी होते, डोळे, कान, दातही तपासतात, ते का, हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

मी दर शनिवारी एका संघाबरोबर बॉची खेळते. एका लहान चेंडूच्या जवळात जवळ आपला चेंडू घरंगळवायचा, इतका साधा खेळ. संघात निम्मे खेळाडू बौद्धिक अक्षमता असलेले, निम्मे माझ्यासारखे. २००८ मध्ये या राज्याने अपंग विद्यार्थ्यांना शाळेच्या खेळांत सामावून घेण्याचा कायदा केला. त्यामुळे शाळांतही असे संघ आहेत. आपल्याकडेही दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात कलम ३० खेळांबद्दलच आहे. फरक इतकाच की इथले पालक तो कायदा हातात घेऊन शाळेत जातात.

तरी सगळं इथलंच चांगलं, असं मी म्हणणार नाही. शाळेचा हक्क साधारण एकविसाव्या वर्षी संपतो. आमच्या संघातला एकजण शनिवार सोडला तर आठवडाभर कुणाला भेटत नाही, एकटाच जेवतो. माझ्या भावाला शेजारच्या काकू नावाने हाक मारतात, सणावाराला तो सगळ्यांच्या पंगतीत असतो. तो जिव्हाळा मला या देशात दिसलेला नाही. पण त्याच काकूंच्या अंगणात मुलं खेळतात तेव्हा तो कठड्यावर बसून बघत असतो, आणि त्यात आम्हाला कुणालाच काही वावगं वाटत नाही.

परवा मी ग्रुप सोडून मामांना वेगळा मेसेज केला: ‘रोज सकाळी फिरायला जाता, तेव्हा त्याला मैदानावर घेऊन जाल का? चेंडू मी पाठवते.’ दिवसभर उत्तर नव्हतं. रात्री आलं, ‘किती वाजता उठतो तो?’