एलएसडी टाकला म्हणजे गिअरबॉक्स सुधारला असं होत नाही

हॉट हॅचवाल्यांसाठी (छोटी हॅचबॅक, इंजिन जोरदार) एक मेसेज सध्या जिकडेतिकडे फिरतोय. सार असं की गिअरबॉक्स आवाज करत असेल तर उघडू नका, जाड जीएल-5 तेल (गिअर ऑइलचा एक दर्जा) घाला, वाचलेल्या पैशात एलएसडी टाका (लिमिटेड स्लिप डिफरन्शियल, एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला ताकद पोचवणारं), मग टॉर्क स्टीअर (जोरात ॲक्सिलरेटर दाबल्यावर स्टीअरिंग एका बाजूला ओढणं) गायब, एक चाक हवेत असलं तरी दुसरं गाडी खेचतं, आणि वर स्ट्रेट-कट (सरळ दातांचे) गिअर बसवले की पॉवर कितीही वाढवा, बॉक्स तुटत नाही. वाचायला भारी आहे. पण लिहिणाऱ्याने फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीचा बॉक्स कधी खोललेला पाहिलाय का अशी शंका येते, कारण डिफरन्शियल (थोडक्यात डिफ, डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग) म्हणजे कुठेतरी वेगळी लावलेली वस्तू असंच त्याने धरलंय. मागच्या चाकांवर चालणाऱ्या बहुतेक गाड्यांत ते खरंय, मागे ॲक्सलला वेगळं घर आणि वेगळं तेल. आडवं इंजिन असलेल्या मॅन्युअल हॅचमध्ये डिफ बहुतेक वेळा गिअरबॉक्सच्याच केसिंगमध्ये बसतं आणि दोघं एकाच तेलात फिरतात. एवढं डोक्यात ठेवलं तर अर्धा मेसेज तिथेच गळतो.

"आवाज येतोय? जाड तेल घाला."

कुठला आवाज ते तरी विचारा आधी! न्यूट्रलमध्ये इंजिन चालू असताना घरघर येते आणि क्लच दाबला की थांबते, तर संशय इनपुट शाफ्टच्या बेअरिंगवर. उलट क्लच दाबल्यावरच सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग बघा. एकाच गिअरमध्ये वुईं करत असेल तर त्या गिअरची जोडी किंवा तिला धरणारं बेअरिंग, आणि सगळ्याच गिअरमध्ये वेगाप्रमाणे वाढत असेल तर आउटपुट शाफ्ट, डिफची बेअरिंग, कधीकधी नुसतं व्हील बेअरिंगसुद्धा, म्हणून बॉक्स उतरवायच्या आधी ते तपासायचं. यातलं एकही तेलाने बरं होत नाही. खड्डे पडलेलं बेअरिंग जाड तेलात थोडं गप्प बसतं आणि त्या गप्प काळात शाफ्ट हलत राहतो, दातांवर दात नीट बसत नाहीत, मग जिथे फक्त बेअरिंग बदलून भागलं असतं तिथे गिअरही जातात. ओपेल आणि व्हॉक्सहॉलच्या एम32 बॉक्सचं प्रकरण यासाठी वाचण्यासारखं आहे. ॲक्सिलरेटर दाबला-सोडला की गिअर लिव्हर आपोआप पुढेमागे हलतो, कारण आतल्या शाफ्टची बेअरिंग झिजलेली असतात, आणि तसंच चालवत राहिलं तर शेवटी केसिंगलाच भोक पडतं. तिथे कुठलं तेल काय करणार.

आता जीएल-5. गिअर बदलताना काम करणारा सिंक्रो चालतो घर्षणावर, त्याची रिंग गिअरच्या शंकूला पकडते आणि दोघांचा वेग जुळवते. जीएल-5 मध्ये गंधक-फॉस्फरसवाली ॲडिटिव्ह जास्त असतात, ती बनलीत हायपॉइड डिफसाठी, जिथे दात एकमेकांवर घासत सरकतात. सिंक्रोला त्यामुळे पकड कमी मिळू शकते, गिअर टाकताना खर्रर्र होतं, आणि पितळी रिंगा असतील तर काही जीएल-5 तेलं त्या खातातही. आडव्या बॉक्समधल्या फायनल ड्राइव्हला साधे तिरके दात असतात, हायपॉइड नसतात, म्हणजे ज्या कामासाठी जीएल-5 आहे ते काम इथे नाहीच. बॉक्स बनवणाऱ्याने जे स्पेसिफिकेशन दिलंय ते घाला, बास. (जुनं काळं तेल काढून योग्य ताजं तेल घातल्यावर गिअर मऊ पडतात हे खरंय, तेवढं श्रेय तेलाला.)

"एलएसडी टाका, बॉक्सला हात लावायची गरज नाही."

अहो, डिफ आहे बॉक्सच्या पोटात! म्हणजे गिअरबॉक्स खाली उतरणार, केसिंग दुभंगणार, जुन्या डिफवरचा क्राउन व्हील (डिफला फिरवणारा मोठा गिअर) काढून नव्यावर चढणार. तिथपर्यंत पोचल्यावर बेअरिंग, सील, सिंक्रो न बघता परत बंद करणं म्हणजे तेच काम पुन्हा करायची तयारी. क्लच आणि रिलीज बेअरिंगही त्याच वेळी, कारण बॉक्स खालीच आहे. नवीन डिफ किंवा त्याची बेअरिंग बसली की प्रीलोड (बेअरिंगवर मुद्दाम ठेवलेला दाब) मोजून शिम (पातळ चकती) बदलावी लागते, जुनी शिम चालेल असं धरायचं नाही. कमी प्रीलोड असेल तर डिफ हलतं, जास्त असेल तर बेअरिंग तापून जातं, आणि दोन्ही वेळा शिव्या एलएसडीला बसतात.

फोक्सवॅगनच्या 02ए आणि 02जे बॉक्समध्ये क्राउन व्हील डिफला रिव्हेटने जोडलेला असतो. टॉर्क वाढवला, धक्के देऊन चालवली, की रिव्हेटची डोकी तुटतात, आणि सुटलेला तुकडा फिरत्या डिफबरोबर केसिंग फोडून बाहेर येतो. उपाय जुना आहे, रिव्हेट ड्रिलने काढून उच्च ग्रेडचे बोल्ट. ओपन डिफ ठेवायचं असलं तरी या बॉक्समध्ये हे काम एलएसडीच्या आधी येतं असं माझं मत, पण त्याचा फोटो टाकून कुणी मिरवत नाही ना.

"टॉर्क स्टीअर गायब."

उलटही होऊ शकतं. टॉर्क स्टीअर येतो ड्राइव्हशाफ्टच्या कमीजास्त लांबीमुळे, सस्पेन्शनच्या भूमितीमुळे, ढिल्या बुशमुळे. ओपन डिफ दोन्ही चाकांना जवळपास सारखाच टॉर्क देतं, एलएसडी तो मुद्दाम असमान वाटून देतो, त्यामुळे खडबडीत रस्त्यावर स्टीअरिंग हातात ओढ मारतं. 2002 च्या पहिल्या फोर्ड फोकस आरएसमध्ये कंपनीनेच क्वेफ या ब्रँडचा एलएसडी बसवला होता आणि स्टीअरिंगची ओढ हीच त्या गाडीची सगळ्यात गाजलेली तक्रार. वळणातून बाहेर पडताना ती गाडी खेचतेही जबरदस्त, फायदा तो आहे.

"एक चाक हवेत असलं तरी दुसरं खेचतं."

कुठला एलएसडी त्यावर आहे. हेलिकल प्रकारचा, म्हणजे टॉर्सेन किंवा क्वेफसारखा, कमी पकड असलेल्या चाकाला जेवढा टॉर्क पेलतो त्याच्या काही पट दुसऱ्याला देतो. चाक पूर्ण हवेत म्हणजे पेलला जाणारा टॉर्क जवळपास शून्य, आणि शून्याची कितीही पट केली तरी शून्यच. ट्रॅकवर कर्ब चढून आतलं चाक उचलणाऱ्यांना हे लगेच कळतं. दुसरा प्रकार प्लेटवाला, त्यात घर्षणाच्या प्लेटा आधीच दाबून ठेवलेल्या असतात (त्यांचा प्रीलोड) म्हणून तो तिथेही थोडं खेचतो, पण त्याच्या प्लेटा झिजतात आणि तो चुरा गिअरबॉक्सच्याच तेलात फिरतो, म्हणून तेल लवकर बदलायचं, ड्रेन प्लग चुंबकवाला घ्यायचा. रोजच्या गाडीला हेलिकल, ट्रॅकच्या गाडीला प्लेट, साधारण असं धरा.

"स्ट्रेट-कट टाकले की पॉवर कितीही."

सरळ दातांमुळे शाफ्टवर त्याच्या लांबीच्या दिशेने दाब बसत नाही, केसिंगला आराम मिळतो, एवढं खरं. पण दात सरळ आहेत म्हणून आपोआप मजबूत होत नाहीत, ताकद ठरते रुंदी, धातू आणि हीट ट्रीटमेंटवर, आणि आवाज रोज कानात. शिवाय बॉक्स मोडतो टॉर्कने, ब्रोशरमधल्या पॉवरच्या आकड्याने नाही. टर्बो गाडीचा रीमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलणं) करताना पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये आणि कमी आरपीएमला टॉर्क दाबून ठेवायला सांगा, याला एकही पार्ट लागत नाही.