जीआरएमसी जबलपूरच्या ताब्यात गेलेलं नाही आणि जिवाजीची एमबीबीएस बाद झालेली नाही

ग्वाल्हेरच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. थोडक्यात त्याचं म्हणणं असं: शिंदे महाराजांच्या काळातलं गजराराजा मेडिकल कॉलेज (जीआरएमसी) ग्वाल्हेरच्या जिवाजी विद्यापीठाकडून काढून जबलपूरच्या मेडिकल युनिव्हर्सिटीला दिलं; आता प्रवेश, फी, नेमणुका आणि जयारोग्य रुग्णालय हे सगळं जबलपूरहून चालतं; जिवाजीची जुनी एमबीबीएस रद्द झाली, तिच्यावर जबलपूरचा शिक्का घ्यावा लागेल; आणि हे विद्यापीठ मुळात फक्त पैसे गोळा करायला काढलंय. यातला बराचसा भाग चुकीचा आहे. पदवीबद्दलचा भाग तर घातक आहे, कारण असल्या भीतीवरच एजंट पोसले जातात.

‘जिवाजीकडून काढून घेतलं’ या वाक्यापासूनच सुरुवात करू. कॉलेज १९४६ साली जिवाजीराव शिंद्यांच्या कारकिर्दीत सुरू झालं आणि त्याला त्यांच्या मातोश्री गजराराजे यांचं नाव दिलं गेलं. जयारोग्य रुग्णालय त्याहून जुनं, १८९९ चं. जिवाजी विद्यापीठ मात्र १९६४ चं, म्हणजे कॉलेजपेक्षा अठरा वर्षांनी धाकटं. मग आधीच्या तुकड्यांना पदव्या कोणी दिल्या? आधी आग्रा विद्यापीठानं, कारण त्या काळी ग्वाल्हेरची कॉलेजं आग्र्याला जोडलेली होती. मग १९५७ साली स्थापन झालेल्या उज्जैनच्या विक्रम विद्यापीठानं. आणि त्यानंतर जिवाजीनं. जबलपूर हे त्या ओळीतलं चौथं नाव. विद्यापीठ बदलत गेलं, पण कॉलेज ग्वाल्हेरच्या लष्कर भागातून हललं नाही, आणि त्याची मालकी कुठल्याही विद्यापीठाकडे कधी नव्हती.

प्रवेश, फी, नेमणुका, रुग्णालय या यादीतलं एकही काम विद्यापीठाचं नाही. प्रवेश ‘नीट’ या प्रवेश परीक्षेच्या गुणांवर होतात. सरकारी कॉलेजातल्या १५ टक्के अखिल भारतीय जागांचं समुपदेशन दिल्लीची मेडिकल कौन्सिलिंग कमिटी करते आणि उरलेल्या ८५ टक्क्यांचं भोपाळचं वैद्यकीय शिक्षण संचालनालय. सरकारी कॉलेजची फी शासन ठरवतं, खासगी कॉलेजची भोपाळची प्रवेश व शुल्क विनियामक समिती. कॉलेजचा कारभार स्वशासी संस्थेकडे आहे. तिच्या कार्यकारिणीचे अध्यक्ष ग्वाल्हेरचे विभागीय आयुक्त असतात आणि रोजचं काम अधिष्ठाता, म्हणजे आपण ज्यांना डीन म्हणतो ते, पाहतात. जयारोग्य, कमलाराजा किंवा हजार बिस्तर या कॉलेजच्या रुग्णालयांत औषध मिळालं नाही, तर जाब अधीक्षक आणि डीन यांना विचारायचा. जबलपूरला पाठवलेला तक्रारअर्ज फुकट जातो.

हा गोंधळ का होतो, हेही समजण्यासारखं आहे. लखनौचं किंग जॉर्ज मेडिकल कॉलेज २००२ साली स्वतःच विद्यापीठ झालं. तिथं शिकवणं, परीक्षा आणि रुग्णालय एकाच छपराखाली आहे. भोपाळचं एम्सही स्वतःची पदवी स्वतः देतं. जबलपूरचं आयुर्विज्ञान विद्यापीठ, म्हणजे मेसेजमधली मेडिकल युनिव्हर्सिटी, त्या जातीचं नाही. ते संलग्नता देणारं विद्यापीठ आहे: विद्यार्थ्यांचं नामांकन (म्हणजे विद्यापीठात नावनोंदणी) करायचं, परीक्षा घ्यायच्या, निकाल लावायचा आणि पदवी द्यायची. कुलगुरू, कुलसचिव, परीक्षा नियंत्रक आणि अभ्यास मंडळं असतात ती एवढ्याच कामासाठी.

आता पदवीचा मुद्दा, ज्यानं सगळ्यांत जास्त माणसं घाबरली आहेत.

वैद्यकीय पदवीची मान्यता पदवी देणाऱ्या विद्यापीठाच्या नावानं नोंदलेली असते. १९५६ च्या इंडियन मेडिकल कौन्सिल कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत विद्यापीठाचं नाव आणि त्यासमोर मान्य पदवी अशी यादी होती. २०१९ चा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचा कायदा आला आणि सप्टेंबर २०२० मध्ये जुनी कौन्सिल गेली, तेव्हाही कलम ३५ नं त्या अनुसूचीतल्या पदव्या जशाच्या तशा मान्य ठेवल्या. म्हणून आग्रा, विक्रम किंवा जिवाजीची एमबीबीएस ज्या दिवशी मिळाली त्या दिवसापासून वैध आहे आणि पुढेही वैध राहील. दुसऱ्या विद्यापीठानं तिच्यावर शिक्का मारण्याची सोय कायद्यात नाही, गरजही नाही. शिवाय प्रॅक्टिसचा अधिकार येतो तो राज्याच्या वैद्यक परिषदेतल्या नोंदणीतून. अंतिम परीक्षा पास झाल्यावर तात्पुरती नोंदणी, मग १२ महिन्यांची इंटर्नशिप, मग कायम नोंदणी. एमडी, एमएस झालं की ती पदवी अतिरिक्त पात्रता म्हणून त्याच परिषदेत नोंदवावी लागते, आणि हे राहून गेलेले डॉक्टर खरंच पुष्कळ आहेत. कागद नीट करायचेच असतील, तर आधी हा करा.

जुनी गुणपत्रिका हरवली, पदवीची दुसरी प्रत हवी झाली किंवा ट्रान्सक्रिप्ट लागलं, तर पदवीवर ज्या विद्यापीठाचं नाव छापलंय तिथंच अर्ज करायचा. परदेशी पडताळणीच्या फॉर्ममध्येही विद्यापीठाचं नाव पदवीवर आहे तेच लिहायचं. ‘सध्या कॉलेज जबलपूरकडे आहे’ म्हणून १९९५ च्या पदवीपुढे जबलपूर लिहिलं की कागद आणि फॉर्म जुळत नाहीत आणि प्रकरण परत येतं. दुसरी नेहमीची अडचण नावाची. पदवीवर ‘कु. सुनीता रामचंद्र’ असं माहेरचं नाव आणि पासपोर्टवर सासरचं आडनाव असेल, तर विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद सोबत जोडा.

ज्यांना अजून शंका आहे त्यांनी वडोदऱ्याकडे पाहावं. तिथलं मेडिकल कॉलेज १९४९ पासून महाराजा सयाजीराव विद्यापीठाची विद्याशाखा आहे, तरी सयाजीराव रुग्णालय चालवतं ते गुजरात सरकार. पदवी सर्वसाधारण विद्यापीठाची, आणि ती देशभर चालते.

राहिला ‘पैशासाठी काढलं’ हा आरोप. परीक्षा शुल्क घेतलं जातं, तसं ते जिवाजीतही घेतलं जायचं. वैद्यकीय शिक्षणासाठी वेगळ्या विद्यापीठाची कल्पना मध्य प्रदेशात जन्मलेली नाही. आंध्रानं १९८६ साली विजयवाड्यात असं विद्यापीठ काढलं. आरोग्य मनुष्यबळावरच्या बजाज समितीनं अशा विद्यापीठांची शिफारस केली. तामिळनाडू, कर्नाटक आणि १९९८ मध्ये नाशिकचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ हे त्याच वाटेनं गेले. मध्य प्रदेशचा, म्हणजे जबलपूरच्या विद्यापीठाचा, कायदा २०११ चा. त्याआधी राज्यातली परिस्थिती काय होती? ग्वाल्हेरचं मेडिकल कॉलेज जिवाजी विद्यापीठाला जोडलेलं, इंदूरचं एमजीएम देवी अहिल्याला, भोपाळ बरकतउल्लाला, जबलपूर राणी दुर्गावतीला, रीवा अवधेश प्रताप सिंहला. एकाच राज्यातल्या पाच जुन्या सरकारी कॉलेजांना पाच विद्यापीठं आणि पाच वेळापत्रकं. बीए-बीकॉमच्या लाखभर उत्तरपत्रिका तपासणाऱ्या परीक्षा विभागाला मेडिकलच्या प्रात्यक्षिकांची घाई कळणं अवघड होतं. पण पाचांचे निकाल एका दिवशी लागले नाहीत, तर कोणाची इंटर्नशिप उशिरा संपते आणि त्याचं ‘नीट पीजी’ या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेचं वर्ष जातं.

मेसेजमधली कळकळ एका ठिकाणी मात्र खरी आहे. निकाल लांबतात, आणि हे दुखणं विद्यापीठ वेगळं झाल्यानं बरं झालेलं नाही. कारणं परीक्षेच्या साखळीतच सापडतात. कॉलेजनं अंतर्गत मूल्यमापनाचे गुण आणि हजेरी (थिअरीला ७५ टक्के, प्रात्यक्षिकाला ८० टक्के) वेळेत पाठवायची असते. प्रात्यक्षिकांच्या परीक्षकांतले किमान निम्मे बाहेरच्या कॉलेजांचे लागतात. बाहेरचा परीक्षक ऐनवेळी आला नाही की एका कॉलेजची तारीख पुढे जाते आणि सगळ्या राज्याचा निकाल तिच्यासाठी अडतो. नर्सिंगचं तर फारच वाईट झालं: कॉलेजांच्या मान्यतेचं प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, सीबीआय चौकशी लागली, परीक्षा थांबल्या, आणि प्रामाणिकपणे शिकणाऱ्या मुलींची वर्षं वाया गेली. याचा राग यायलाच हवा.

तो राग योग्य दारी न्यायचा असेल, तर आधी कागद कुठं अडकलाय ते शोधा. नामांकन क्रमांक आलेला नसेल किंवा अंतर्गत गुण गेलेले नसतील, तर कॉलेजच्या विद्यार्थी शाखेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. गुण पाठवल्याचं पत्र कॉलेजकडून मिळालं आणि तरी निकाल ‘रोखलेला’ दिसत असेल, तर त्या पत्राची प्रत जोडून परीक्षा नियंत्रकांना लिहा. उत्तर आलं नाही, तर माहितीच्या अधिकारात विद्यापीठाकडे अर्ज करा; उत्तराची मुदत ३० दिवसांची असते. एजंटाला मात्र एक रुपयाही देऊ नका.