दाब

निकोल होलोफ्सेनर यांचा ‘यू हर्ट माय फीलिंग्ज’ हा 2023 सालचा विनोदी चित्रपट आम्ही उभयतांनी शनिवारी रात्री पाहिला. त्यातल्या लेखिकेच्या नव्या पुस्तकाला तिचा नवरा तोंडावर ‘छान’ म्हणत असतो आणि एका दुकानात, ती मागेच उभी असल्याचा पत्ता नसल्यामुळे, ते आवडले नसल्याचे साडूपाशी बोलून जातो. आपल्यात असली लपवाछपवी नाही, असे मी अभिमानाने म्हणालो. ही नुसती ‘हं’ म्हणाली.

सोमवारी सांगलीतल्या आमच्या नेहमीच्या शिंप्याकडे ही पुढे गेली आणि मी स्कूटर लावून दाराशी पोहोचतो, तो आतून मास्तरांचा आवाज आला.

“वहिनी, पँटीच्या शिवणीत दुमडलेला दाब आता सरला बघा. तीनदा सोडला. हितनं पुढं कापडच न्हाई. आता साहेबांनाच आत घ्यावं लागंल.”

“हळू बोला. कंबर अजून चौतीसच आहे, या आनंदात आहेत ते.”

मी आत शिरलो. मास्तरांना संकोच म्हणून नाही. त्यांनी माझी पँट उलटी करून, साडीला फॉल लावायला आलेल्या दोन अपरिचित बायकांसमक्ष, मागची शिवण मला दाखवली. जुन्या टाक्यांच्या भोकांच्या तीन रांगा होत्या आणि त्यांच्यामधले कापड अजून नव्यासारखे गडद निळे होते. मग त्यांनी टेप लावली.

“श्वास सोडा की, साहेब.”

“सोडलाय.”

“मग साडेसदतीस.”

फॉलवाल्या बायकांनी नम्रपणे भिंतीकडे पाहिले.

‘संशयकल्लोळ’ लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल इथल्याच हरिपूरचे. त्यांच्या फाल्गुनरावाला कारण नसताना संशय येतो. मला तीन वर्षे कारण कमरेला बांधून हिंडताना संशय आला नाही. हिने मन राखले हे मान्य. पण त्या भ्रमात मी कचेरीतल्या सहकाऱ्यांना भडंग सोडण्याचे जे उपदेश केले, ते आता कसे परत घ्यायचे? शिवाय दाब सोडण्याची मजुरी दर वेळी माझ्याच पगारातून गेली, ती ‘किरकोळ’ या सदराखाली.

परतताना मी विचारले, “आणि माझे लेख? ते तरी खरेच आवडतात ना?”

“छान असतात,” ही म्हणाली आणि कोथिंबीर घ्यायला उतरली.