खुलासा : कारल्याच्या शेजारामुळे काकडी कडू होत नाही

‘कारल्याजवळ काकडी, दुधी लावू नका, पराग मिसळून फळं कडू होतात’ हा मेसेज बागकामाच्या ग्रुपवर फिरतोय. तो चुकीचा आहे. कारलं मोमॉर्डिका या प्रजातीतलं (वनस्पतींचा गट, इंग्रजीत जीनस), काकडी क्युक्युमिस या वेगळ्या प्रजातीतली. कुळ एक असलं तरी त्यांचा संकर होत नाही. शिवाय फळाचा गर मूळ वेलीचाच असतो, परागाचा वारसा फक्त बियांत उतरतो. काकडीचा कडवटपणा क्युकरबिटासिन या तिच्यातल्याच कडू द्रव्याचा. तो काही वाणांत मुळातच जास्त असतो आणि उन्हात पाण्याची ओढ बसली की वाढतो. म्हणून वेलीच्या मुळाशी पालापाचोळ्याचं आच्छादन करा, पाणी नियमित द्या. फळमाशी मात्र दोन्ही वेलींवर येते, सापळे लावाच.

दुधी कडू लागला तर लगेच थुंका. कडू दुधीचा रस जिवावर बेतू शकतो. कारल्याबद्दलचा तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका.