फुकटचं लिनक्स

"मामा, कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स टाक, फुकट आहे," भाचा म्हणाला आणि पुण्याला पसार झाला. फुकट? माझा अख्खा रविवार गेला, तो कोण भरून देणार?

वायफाय चालेना. का? ड्रायव्हर, म्हणजे वायफाय चालवणारं सॉफ्टवेअर, नाही. ड्रायव्हर कुठे मिळेल? इंटरनेटवर! विहिरीत उतरायला दोर हवा आणि दोर विहिरीच्या तळाशी. शेवटी मोबाइल वायरीने जोडून नेट दिलं.

मग त्या टर्मिनलने, म्हणजे हुकूम टाइप करायच्या काळ्या चौकटीने, पासवर्ड मागितला. मी टाइप करतोय, करतोय, पण स्क्रीनवर एक ठिपका उमटेल तर शपथ! कीबोर्ड मेला समजून उलटा करून झटकला, तर पार्ले-जीचा चुरा पडला. नंतर कळलं, इथे पासवर्ड उमटतच नाही म्हणे. सुरक्षा! अहो, मग तशी एक ओळ लिहायला काय पैसे पडतात?

मराठीत टाइप करायला 'सुपर' आणि स्पेस दाबा म्हणे. सुपर कुठली? अर्धा तास शोधली. ती निघाली विंडोजच्या खिडकीचं चित्र असलेली! दुसऱ्याच्या घराची पाटी वाचून आपलं दार ओळखायचं!

प्रिंटर अजून जोडायचाय. आणि भाचा? फोन उचलत नाहीये.