गोथेनबर्गमधला बाबा, पुण्यातला मुलगा

१ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव असा क्रम लावण्याचा निर्णय महाराष्ट्र सरकारने घेतला, तेव्हा आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप गटावर दोन दिवस चर्चा रंगली होती. बायकांना आता आणखी काय मिळायचे राहिले आहे, असे एका काकांनी विचारले. त्यावर नाव मध्ये आले तरी सकाळचे डबे मलाच भरावे लागतात, असे मावसबहिणीने सुनावले. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या घरी कपड्यांच्या घड्या घालता घालता मी ते वाचत होतो आणि मनातल्या मनात मावसबहिणीच्या बाजूने मत देऊन मोकळाही झालो होतो.

डिसेंबरात पुण्याला गेलो, तेव्हा तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आले की जेवलेले ताटही मी अजून स्वतः उचललेले नाही. स्वीडनमध्ये निम्मा स्वयंपाक, संडास-बाथरूमची सफाई, मुलीला पाळणाघरातून आणणे ही कामे मी वर्षानुवर्षे करतो आणि त्यात काही विशेष आहे असे तेथे कोणी मानत नाही. पुण्यात आईने ‘तू बस रे, तिकडे रोज करतोसच की’ असे म्हटले आणि मी बसलो. बायकोला मात्र कोणी काही म्हटले नव्हते. तरीही ती सातच्या आत ओट्यापाशी उभी होती, कारण सासरी सुनेने किती वाजता उठावे हे सांगावे लागत नाही. त्या दिवसापासून मला वाटू लागले आहे की, स्त्री-पुरुषांच्या ठरलेल्या भूमिका पुसट होत आहेत का, हा प्रश्न माणसांविषयी विचारून फारसे काही हाती लागत नाही. तो घराच्या आणि कायद्याच्या रचनेविषयी विचारला पाहिजे. माणूस मी तोच होतो.

स्वीडिश पुरुष मुळातच समंजस असतात, असा आपल्याकडे एक गोड समज आहे. स्वीडनचा इतिहास त्याला दुजोरा देत नाही. १९७१ मध्ये तेथे पती-पत्नींची आयकर आकारणी वेगळी झाली, त्यामुळे दुसऱ्या पगारावर चढा कर भरण्यापेक्षा बायकोने घरी बसलेले बरे, हा हिशेब मोडला. १९७४ मध्ये बाळंतपणाच्या रजेऐवजी आई आणि वडील दोघांनाही घेता येईल अशी पालकत्वाची रजा आली. पहिल्या वर्षी त्या रजेतले अवघे अर्धा टक्का दिवस वडिलांनी घेतले. मग सरकारने प्रचार केला, एका धिप्पाड वेटलिफ्टरच्या हातात तान्हे बाळ देऊन भित्तिपत्रकेही लावली. पुरुषांनी ती कौतुकाने पाहिली असावीत, पण रजेचे आकडे फार संथपणे हलले. खरा फरक १९९५ नंतर पडू लागला, जेव्हा एक महिना केवळ वडिलांसाठी राखून ठेवला गेला आणि तो त्यांनी घेतला नाही तर कुटुंबाचा तेवढा भत्ता बुडेल असे ठरले. २००२ मध्ये दुसरा आणि २०१६ मध्ये तिसरा महिना राखीव झाला. आज एका मुलामागे मिळणाऱ्या ४८० दिवसांपैकी प्रत्येक पालकाचे ९० दिवस दुसऱ्याला देता येत नाहीत आणि वडिलांचा एकूण वाटा सुमारे तीस टक्क्यांवर आला आहे. मी पाच महिने रजा मागितली, तेव्हा माझ्या वरिष्ठांनी ‘का’ असे विचारले नाही. कोणत्या तारखेपासून, एवढेच विचारले.

तीस टक्के म्हणजे निम्मे नव्हे, हेही नमूद केले पाहिजे. शिवाय घरकामाच्या मजुरीवर २००७ पासून करसवलत मिळू लागल्यावर अनेक सुखवस्तू घरांतली सफाई बाहेरून आलेल्या स्त्रियांकडे गेली. आमच्या घरात लशीची तारीख, मुलीच्या मैत्रिणीच्या वाढदिवसाची भेट, लहान होत चाललेले बर्फातले बूट ही सारी यादी अजून बायकोच्याच डोक्यात असते. सांगितलेले काम मी करतो. कोणते काम करायचे आहे, हे तिला सांगावे लागते.

आता मायदेशाकडे पाहू. भारताच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात स्त्रिया बिनमोबदला घरकामात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवत होत्या आणि पुरुष ९७. २०२४ च्या सर्वेक्षणात हे आकडे २८९ आणि ८८ झाले. हे पुरुषही घरकामाला हात लावणारे तेवढेच. न लावणारे या सरासरीत नाहीत. याच सुमारास पंधरा वर्षांवरील स्त्रियांपैकी श्रमशक्तीत असलेल्यांचे प्रमाण २०१७-१८ मधल्या २३.३ टक्क्यांवरून २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्क्यांवर गेल्याचे सरकारी आकडे सांगतात. म्हणजे स्त्रिया पुरुषांच्या मानलेल्या कामात शिरल्या. उलट दिशेची वाहतूक जवळपास बंदच आहे.

सुशिक्षित मध्यमवर्गात ही कोंडी डोळ्यांना दिसत नाही, कारण आपल्याकडे पोळ्यांच्या मावशी आणि धुण्याभांड्याच्या बाई असतात. दोघेही नोकरी करणाऱ्या जोडप्याने काम आपसांत वाटून घेतलेले नसते, ते तिसऱ्या बाईकडे सोपवलेले असते. आणि त्या बाईच्या घरी ओट्याशी कोण उभे राहते, हे आपण विचारत नाही. बीडच्या ऊसतोडीत तर नवरा-बायकोची जोडी मिळून मजुरीचा एक ‘कोयता’ धरली जाते. ‘बाई घरात, पुरुष बाहेर’ ही चौकट तिथल्या बाईला कधी परवडलीच नव्हती. तरी मोळ्या वाहून कोपीवर, म्हणजे तात्पुरत्या झोपडीवर, परतल्यावर चूल तिनेच पेटवायची असते.

कायदा या बाबतीत काय करतो? मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने आईला २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली, ही मोठीच गोष्ट झाली. पण तिचा सारा खर्च मालकावर टाकला गेला आणि वडिलांचा त्यात उल्लेखही नाही. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना १५ दिवस मिळतात. खासगी नोकरीतल्या बापाला कायद्याने एकही दिवस नाही. तरुण स्त्रीला नोकरी देताना मालकाच्या मनात गणित सुरू होते ते यामुळेच, आणि तरुण पुरुषाविषयी त्याला तसे गणित करावे लागत नाही. आईचे नाव कागदावर आले याचा मला आनंद आहे. त्याच उत्साहाने बापाचे नाव रजेच्या अर्जावर आणले असते, तर काकांना वाद घालायला अधिक भक्कम विषय मिळाला असता.

येत्या डिसेंबरात पुन्हा पुण्याला जायचे आहे. पहिल्या सकाळी सगळ्यांचा चहा मी करायचा आणि ती आठपर्यंत झोपणार, अशी अट बायकोने घातली आहे. मी ती मान्य केली आहे, पण आईला अजून सांगितलेले नाही.